हलके फोटो

मी देव्हारे कोरतो. लेकीनं त्यांचे फोटो माझ्या नावाच्या वेबसाइटवर टाकलेत. मध्यंतरी विहीणबाईंनी ती मोबाइलवर उघडली. आधी कळस आला, मग सावकाश महिरप. खांब उतरायच्या आत त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. अशी किती माणसं नुसता कळस बघून गेली असतील?

लेक म्हणाली, "आप्पा, फोटो जड आहेत, उघडायला वेळ खातात. हलके करू."

"हलकं काम या घरात होत नाही."

"अहो, वजनाला हलके. नक्षी तीच राहते."

तिनं एक करून दाखवला. चष्मा पुसून मी वेलीचं पान न् पान तपासलं, मगच हो म्हटलं.

आता देव्हारा लगेच उभा राहतो. पण बघणाऱ्याचं बोटही तितक्याच लगेच पुढे सरकतं. ती वेल कोरायला मला दोन महिने लागले होते. मी त्या बोटाकडेच बघत बसतो.