दूध का सोडलं

मी दूध सोडलंय हे सर्जापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात कळायला एक वाढदिवस पुरला. मी केक नको म्हटलं, कुणीतरी का म्हणून विचारलं, मी म्हटलं, दुधाचं खात नाही. एवढंच. त्यानंतर मी डबा उघडून बसले की कुणीतरी आपल्या पनीरवर हात धरून म्हणायचं, "सॉरी हं, तुझ्यासमोर पाप करतोय." सगळे हसायचे, मीही हसायचे. मी कुणाला एका शब्दाने बोलले नव्हते. पण गप्प बसले तर मनात नावं ठेवतेय आणि बोलले तर उपदेश करतेय, असं झालं होतं. "फार वरची समजते स्वतःला," हे एकदा कॉफीच्या मशीनपाशी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ते अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या ताटातल्या दह्याकडे बघताना मला कधीकधी वाटायचं, यांना काही माहीत नाही. आणि तसं वाटलं की बरं वाटायचं, हेही खरं.

मला जे माहीत होतं ते असं. निपाणीजवळच्या आमच्या गावी दोन म्हशी होत्या. मी नऊ-दहा वर्षांची असताना त्यातल्या एकीचं रेडकू आठवड्याभरात गेलं. पिल्लू पुढ्यात नसलं की म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आणला. धार काढायच्या वेळी ते तिच्यापुढे धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. ती त्याला चाटायची, आणि अण्णा खाली चरवी घेऊन बसायचे. त्या दुधावर आमचं घर चाललं, मी इंजिनियर झाले. मग इतक्या वर्षांनी इथल्या ओट्यावर एका सकाळी दुधाची पिशवी कापताना त्या म्हशीची जीभ डोळ्यांपुढे आली. त्या दिवशी चहा कोरा प्यायले, तो तसाच राहिला.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर त्यात अण्णा येणार होते.

पण एक दिवस सांगितलं. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारी पुण्याची एक सहकारी आहे. ती जेवताना म्हणाली, "तुम्हा व्हीगन लोकांचं सगळं व्हिडिओ बघून येतं. गोठ्यात कधी पाय तरी ठेवलायस का?" मी चमचा खाली ठेवला आणि रेडकाचं सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणी चेष्टा केली नाही. मला अगदी हलकं वाटलं, पण ते हात धुवायला उठेपर्यंतच. बेसिनपाशी आल्यावर जाणवलं, जिंकण्यासाठी मी आपला बाप टेबलावर मांडून आले होते.

दोन महिन्यांनी अण्णा डोळे तपासायला आठ दिवस माझ्याकडे आले. मी त्यांच्यासाठी दुधाची पिशवी आणली. कोपऱ्यावरचा दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, "शेवटी घेतलंत का दूध, अक्का," आणि मनापासून हसला. दूध तापवताना अण्णा माझ्याकडे बघत होते. "ठेव बाजूला," ते म्हणाले, "मला कोरा चालतोय." का म्हणून विचारलं नाही. मला बरंच वाटलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दवाखान्यातून परतलो. लिफ्टचं दार मिटता मिटता ती पुण्याची सहकारी आत आली. मी ओळख करून दिली. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुमच्या मुलीने आम्हाला त्या पेंढा भरलेल्या रेडकाचं सांगितलं. माझ्या मुलीने तर ऐकल्यापासून दूध बंद केलंय." तिच्या मनात काहीही वाईट नव्हतं. मला दार उघडून पळून जावंसं वाटलं, पण अजून सहा मजले जायचे होते. अण्णा आकड्यांकडे बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले.

"तुला ध्यानात हाय व्हय ते?"

"हो."

"मला वाटलं, ल्हान हुतीस, इसरली असशील." मग म्हणाले, "ती म्हस तीन दिस वैरणीला तोंड लावत नव्हती. ते पुढं ठिवलं तवा खायला लागली."

मला हे आठवत नव्हतं. मला फक्त चरवी आठवत होती.

"मला इचारायचं हुतंस," ते म्हणाले. "लोकांस्नी सांगितलंस."

"अण्णा, तुम्हाला वाईट म्हणायचं नव्हतं मला."

"मग दूध का सोडलंस?"

काहीही म्हटलं असतं तरी ते त्यांच्याच अंगावर जाणार होतं. ते उठून हातपाय धुवायला गेले.

ते गावी गेल्यावर मी पुन्हा एक पिशवी आणली, दूध तापवलं, कपात ओतलं. वाटलं, एक कप प्यावा आणि त्यांना फोन करून सांगावं. पण कप तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. त्यात मोठेपणा कसलाच नव्हता, नुसतं पिववत नव्हतं. पुन्हा सुरू करावं तर ऑफिसात पेढे वाटले असते, न करावं तर अण्णा रोज गुन्हेगार ठरत होते.

मग एका रविवारी आईचा फोन आला. आवाज कापरा होता. "तुझं एवढं दुखणं तू मला सांगितलंस न्हाईस?"

"कसलं दुखणं?"

"कुणी तू दूध सोडल्याचं काढलं की हे सगळ्यांस्नी सांगत्यात, डॉक्टरनं बंद केलंय म्हणून. पोटात काय निघालंय गं?"

"अण्णा कुठं आहेत?"

"हितंच बसल्यात."

मला त्यांचं खाकरणं ऐकू आलं. मी म्हटलं, "पोटाचंच आहे, आई. औषध चालू आहे. घाबरू नकोस."

पुढे ऑफिसातही मी तेच सांगितलं. डॉक्टर हा शब्द कानावर पडताच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आता कुणी पनीर झाकत नाही. पुण्याच्या सहकारीने पोटासाठी कसलंसं चूर्ण आणून दिलं, ते मी तिच्यासमोर घेते. आई दर रविवारी विचारते, पोट कसं आहे, आणि मी बरं आहे म्हणते. मग ती फोन अण्णांकडे देते. ते जेवलीस का विचारतात, मी त्यांच्या डोळ्यांचं विचारते. म्हशींचं नाव आम्ही दोघंही काढत नाही.