पाय राहील, असं आई म्हणाली होती

“लेकीची प्रार्थना चालंल का, का आईच लागंल?”

तात्यांच्या सुनेनं हे स्वयंपाकघरात सासूला विचारलं, पण मधल्या दाराला नुसता पडदा होता. सासू म्हणाली, “चालंल की. पर इंग्रजी शाळेतली हाय, मराठीत येती का कुणास ठावं.”

बाहेरच्या खोलीत मी तात्यांच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसले होते. तात्यांनीही ऐकलं. “इंग्लिशमदीच कर,” ते मला म्हणाले. “लवकर पोचंल.” मी हसले. त्यांच्या उजव्या पायावर चादर होती, आणि चादरीखालचा वास उदबत्तीला आवरत नव्हता.

तात्या वडगाव निंबाळकरातले आमचे शेजारी. त्यांच्या मळ्यातलं माळवं न सांगता आमच्या ओट्यावर येऊन पडायचं. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आई शाळेत शिकवते, आणि कुणाचं दुखणं लांबलं की तिला बोलावणं येतं. ती डोक्यावर पदर घेते, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावते आणि प्रार्थना करते. भिंतीवरचे देव भिंतीवर असतात, आईचं तिचं चालू असतं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

साखरेनं तात्यांचा पाय काळा पडत चालला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखाली कापावा लागेल, उशीर केला तर जिवावर बेतेल. त्याच संध्याकाळी आईनं येऊन प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाली, “पाय राहील. माझी खात्री आहे.” तेव्हापासून तात्या दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. मुलगा रोज सकाळी गाडी अंगणात आणून लावायचा आणि दुपारी परत आत घ्यायचा. आई इंदापूरला मावशीकडे गेली होती. तात्यांचा ताप वाढला म्हणून मी तिला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, देव अर्ध्यावर सोडत नाही. मी परवा येते, तोवर तू जाऊन प्रार्थना कर. आणि मनात शंका घेऊन जाऊ नकोस, शंकेनं प्रार्थना अडते.

हे शेवटचं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझा विश्वास नाही असं नाही. प्रार्थना करताना कुणीतरी ऐकतंय असं मला वाटतं. ऐकून त्यानं काय ठरवलं, ते मात्र मला कधीच कळलेलं नाही. आईला कळतं. त्या संध्याकाळी मी तिच्यामागे तेलाची वाटी धरून उभी होते, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी पायाकडे बघत होते. माझ्यामुळंच तर अडलं नसेल? असा विचार करणं वेडेपणाचं आहे हे कळत होतं, तरी तो थांबत नव्हता.

मी प्रार्थना केली, मराठीतच. आईची वाक्यं मला पाठ आहेत. पण आई मागणं मागून झालं की ते मिळालं असं समजून आभारही मानते. तेवढं मला जमलं नाही. आभार न मानताच मी आमेन म्हटलं. पडद्यापाशी सासूसुना हात जोडून उभ्या होत्या. मुलगा दारात, हातात गाडीची किल्ली.

“मग?” तात्या म्हणाले. “राहतोय न्हवं पाय?”

मी म्हटलं, आई परवा येईल, तिलाच विचारा. मुलगा म्हणाला, परवापर्यंत थांबायला डॉक्टर नको म्हणतायत. तात्यांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि माझं मनगट धरलं. त्यांचा हात भाजत होता.

“तुजी तरी कुठं आशा हुती डाक्टरला? आईनं मागून घेतली तुला.”

ही गोष्ट सगळ्या आळीला पाठ आहे. मी सातव्या महिन्यात जन्मले, आईनं गुडघे टेकले आणि मी जगले. आई ती घरोघरी सांगते, आणि सांगताना मला पुढं उभी करते. त्या गोष्टीत दवाखान्यातली काचेची पेटी नसते. मी एकदा तसं बोलून दाखवलं होतं. पेटीही देवानंच दिली, आई म्हणाली, आणि त्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. डॉक्टरही त्यानंच दिलाय, असं मला तात्यांना सांगता आलं असतं. पण तेही ठाऊक असल्यासारखंच सांगावं लागलं असतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. राहील म्हटलं तर तात्या उठणार नव्हते. नाही म्हटलं तर या घरात आई पुन्हा कुठल्या तोंडानं येणार होती? मनगट सोडवून घ्यावं आणि घरी जावं, एवढंच मला वाटत होतं. तात्या वाट बघत राहिले.

“तात्या,” मी म्हणाले, “खात्री आईला आहे. मला नाही.”