काळा झालेला नंदी

काल नातीच्या एअरब्रशमधून, त्या रंग फवारणाऱ्या पेनातून, थिनरचा वास आला आणि लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाचा दुष्काळ आठवला. माझ्या मातीच्या इवल्याशा मूर्ती रंगवायला एअरब्रश बघावा म्हणून मी वडिलांसोबत, अप्पांसोबत, एअरब्रशनं फोटो रंगवणाऱ्या एका फोटोवाल्याकडे गेले होते. त्याच्याकडे दोन जुने विकायला होते.

"बारीक रेघ कोणत्याची येते?" मी विचारलं.

"पोरीला काय करायचं हाय हे?" असं अप्पांना म्हणत त्यानं माझ्या हातातला बोटाएवढा नंदी घेतला आणि त्यावर काळा फवारा मारला. पिण्याच्या पाण्यातलं वाटीभर चोरून त्या नंदीची माती मी मळली होती. नंदीचे डोळे, झूल, घंटा, सगळं बुजलं. तो हसला. अप्पाही हसले.

आम्ही रिकाम्या हातानं परतलो. तेव्हा वाटलं, अप्पा भिडेपोटी हसले असतील. आज त्यांच्याहून म्हातारी झाल्यावर कळतं, त्यांना खरंच मजा वाटली होती.