घरपोच मुद्दा

साठीतली आमची आई इंग्रजीच्या वर्गाला जाते. परवा घरात शिरताच म्हणाली, "अगं, 'ड्राइव्ह होम द पॉइंट' म्हणजे मुद्दा समोरच्याला नीट पटवणं. आपण ठासून सांगतो, इंग्रज मुद्द्याला घरापर्यंत सोडायला जातात!" मला गंमत वाटली. ठासायला जोर लागतो, सोडायला मात्र सोबत जावं लागतं.

बाबांना कमी ऐकू येतं, पण कानाचं यंत्र नको असायचं. आई वर्षभर ओरडून सांगत होती. त्या संध्याकाळी ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ओरडून भांडणच होतं. मला तुमच्याशी गप्पा मारायच्यात."

सकाळी बाबा बूट घालून दारात उभे. "चल, यंत्र घेऊन येऊ."

हसण्याच्या नादात आईला चप्पलच सापडेना.