चर्चमधल्या गाण्यातली माय

बिदरच्या दवाखान्यात मी नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला मी अक्का म्हणते. विहारातल्या कार्यक्रमात तिनं माझं गाणं ऐकलं होतं. गुड फ्रायडेच्या आधी ती मला तिच्या चर्चमधल्या गाणाऱ्यांत घेऊन गेली. "तुझा आवाज खालचा आहे, तसाच पाहिजे," म्हणाली.

तिथं शिकवणाऱ्या मॅडमनी एक नवीनच रचना आणली होती. वाद्य एकही नाही, नुसते आवाज. शेकडो वर्षांपूर्वी इटलीत साधी माणसं जमून आपल्या रोजच्या बोलीत देवाची गाणी म्हणत. त्या गाण्यांवरून हल्लीच्या एका संगीतकारानं ही बांधली होती. क्रुसाखाली उभी असलेली आई लेकाला हाका मारते, एवढाच विषय.

इटालियन शब्द कुणी कन्नडात लिहून घेतले, मी मराठीत. पण हाका काही जिवंत होईनात. मॅडमनी संगीतकाराला विचारलं, आईच्या ओळी आमच्या बोलीत म्हटल्या तर चालतील का. तो आनंदानं हो म्हणाला. त्या ओळी मराठीत आणून गायचं काम माझ्याकडे आलं.

सुट्टीत गावी, ठाणाकुशनूरला गेले, तेव्हा गुणगुणत होते, 'हे पुत्रा, तू का गेलास.' माय तूर निवडत बसली होती.

"कोन रडायलंय गं?"

"एक माय. तिच्या लेकाला मारलंय."

"अन् ती लेकाला पुत्रा म्हनायलीय?"

"मग काय म्हणावं?"

तिचे हात थांबले. माझा मोठा भाऊ औरादच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. माय त्याच्याविषयी कधी बोलत नसे.

"बाळा, ऊठ की," ती सावकाश म्हणाली. "सकाळपसून जेवला न्हाईस. कामून बोलंना गेलास?"

मी विचारलं, "हे गाऊ का मी तिथं?"

"गा. पर माझं हाय म्हनून सांगू नको."

गुड फ्रायडेला ती स्वतःच आली आणि मागच्या बाकावर बसली. 'ऊठ की' नीट गेलं. 'जेवला न्हाईस'ला मात्र माझा आवाजच फुटेना. बाकीच्यांनी खालचा सूर सोडला नाही, मॅडमचा हातही तसाच वर राहिला. मी श्वास घेतला आणि तिथूनच पुढं गायले.

बाहेर आल्यावर माय म्हणाली, "तू थांबलीस तवा बाकीच्यांनी धरून ठिवलं. त्या दिशी माझ्यापाशी कोनीच नव्हतं."

मी तिचा हात धरला.

तिला गावी सोडायला मीही निघाले, तेव्हा बसमध्ये तिनं आपणहून भावाचं नाव घेतलं. लहानपणी तो थंडीत शेळीचं पिल्लू पांघरुणात घेऊन झोपायचा, आणि ती ओरडली की पिल्लासकट डोक्यावरून गोधडी ओढायचा. हे मला माहीतच नव्हतं. औराद येईपर्यंत ती त्याच्याविषयीच सांगत राहिली.