पायाचे वाटाणे, पोटाचे वाटाणे

आमच्या फ्रीझरमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांच्या दोन पिशव्या कायम असतात. एक पोटाची, एक पायाची. पायाच्या पिशवीला लाल रबरबँड असतो. एकदा तो निसटला आणि बाबांनी त्यातलेच वाटाणे नूडल्समध्ये घातले. आत्याने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, "ओळखीचे वाटतायत." मग उठून फ्रीझर उघडला. त्या दिवशी आम्ही तिघांनी नुसता पाव खाल्ला.

पायाची पिशवी आत्याच्या घोट्यांसाठी. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आईची नोकरी दुसऱ्या गावाला, ती सुट्टीपुरती येते. एरवी बाबा बस चालवतात आणि आत्या घर चालवते, तेही कामावरून आल्यावर. दोघांपैकी कोण जास्त दमलं यावर आमच्याकडे रोज संध्याकाळी सुनावणी असते.

"तुला काय, दिवसभर बसून असतोस," आत्या म्हणते. चपला दारात, पर्स टेबलावर आणि स्वतः खुर्चीत, अशी ती घरभर सांडलेली असते. पाय समोरच्या स्टुलावर, घोट्यांवर वाटाणे.

"ताई, बसून असतो म्हणजे काय? क्लच दाबून कंबरेचा भुगा झालाय माझ्या."

"कंबर तरी शाबूत आहे तुला भुगा करायला. मला तर गुडघ्याखाली काही आहे हेच कळत नाही."

"मग तू चालव बस."

"आणि तू ये सूप वाटायला. ह्या तोंडाने कोण घेईल रे तुझ्याकडून?"

आत्या किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानात चव दाखवते. म्हणजे आत शिरल्यावर डाव्या हाताला एक टेबल, त्यावर इंडक्शनची शेगडी, त्यावर पातेलं, आणि टेबलामागे हिरवा एप्रन घालून आत्या. कंपनी पाठवेल ते शिजवायचं, कागदी कपात घालून लोकांच्या हातात द्यायचं आणि कंपनीने ठरवून दिलेलं वाक्य म्हणायचं. सध्या टोमॅटो सूपचं पाकीट चालू आहे. वाक्य असं: "नमस्कार! घरच्यासारखी चव, अगदी दोन मिनिटांत! एकदा घेऊन तर बघा!"

हे वाक्य ती सकाळी म्हणते तेव्हा शेवटचा 'बघा' पतंगासारखा वर जातो. जेवणाच्या वेळेपर्यंत तो छताला टेकून परत येतो. संध्याकाळी तोच 'बघा' जिना उतरतो, कठडा धरून, एकेक पायरी. मला तिन्ही येतात. बाबांना संध्याकाळचा जास्त आवडतो. मी तो काढला की ते हसतात आणि मग लगेच गप्प होतात.

घरात मात्र ते वाक्य म्हणायला बंदी आहे. "दुकान दारात काढून ठेवलंय," आत्या म्हणते, "चपलांच्या शेजारी. आत आणायचं नाही."

दुकानातून ती आणते ते वेगळंच. बंद व्हायच्या आधी स्वस्त केलेली, धुऊन कापलेल्या भाज्यांची पिशवी. ती त्याच रात्री संपवायची, उद्यावर टाकायची नाही. चीज कापताना निघालेले वेडेवाकडे तुकडे, जे दुकानात एका डब्यात गोळा करून मागच्या कोपऱ्यात ठेवतात. तिच्या मते दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू ती, आणि म्हणूनच ती कोणाला दिसेल अशी ठेवत नाहीत. पोचे आलेले मक्याचे डबे. डबा ती हातात घेऊन डॉक्टरसारखा तपासते. "कुशीत पोचा असला तर चालतो. जोडावर नको. आणि पोट फुगलेलं असलं तर जवळही जायचं नाही, मग तो कितीही गोड दिसू दे."

"हे डब्याचं चाललंय की माझं?" बाबा विचारतात.

"तुला लागू होत असेल तर तुझं समज."

ह्या सगळ्याचं जेवण ती जवळजवळ खुर्चीतूनच करते. हुकूम खुर्चीतून, हात माझे. "वाटाणे उकळत बसू नकोस. चाळणीत टाक, पोटाचे हं, आणि नूडल्सचं उकळतं पाणी त्यांच्यावरच ओत. झाले. मक्याच्या डब्यातलं पाणी फेकलंस? अगं, ते सुपात जातं!" आणि ते सूप, कंपनीचं, पण तिच्या पद्धतीचं: पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं पाणी, मूठभर वाटाणे, आणि खदखदायला लागलं की त्यात अलगद अंडं फोडून वर झाकण. अंडं घट्ट झालं की गॅस बंद. वर चीजचा तुकडा, बाजूला तव्यावर कडक केलेला पाव. हे बोलताना तिचा आवाज खालून येतो, सावकाश, वाक्याच्या मध्येच जांभई. त्याची नक्कल मला आजवर जमलेली नाही. त्यात धरायला काही उंच नाही, सगळं सपाट, आणि तरी ऐकत राहावंसं वाटतं.

तर झालं असं की दुकानातल्या परतीच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या. परतीचं टेबल म्हणजे लोक नको असलेली वस्तू परत आणतात ती जागा. तिथे खुर्ची आहे. नुसती खुर्ची नाही, चाकांची, पाठीला उशी असलेली, गोल फिरणारी. चष्मेवाल्या बाई दिवसभर तिच्यात बसून लोकांचं रडगाणं ऐकतात आणि अधूनमधून इकडून तिकडे सरकतात. आत्याने ती खुर्ची इतकी वर्षं लांबून बघितली होती की तिच्या उशीचा कुठला टाका उसवलाय तेही तिला माहीत होतं.

तिने मॅनेजरकडे मागणी घातली. मॅनेजरला सगळे 'इस्त्री' म्हणतात, कारण त्याच्या शर्टालाही सुरकुती नसते आणि बोलण्यालाही. इस्त्री म्हणाला, "ताई, शनिवारी मी तुमच्या टेबलापाशी थोडा वेळ उभा राहणार. कंपनीकडे अहवाल जायचाय. ठरलेलं वाक्य, ठरलेली कृती, तक्रार शून्य. एवढं नीट दिसलं की जागा तुमची."

घरी आल्यावर तिने बंदी स्वतःच उठवली. "घे गं माझी तयारी," म्हणाली. "तू गिऱ्हाईक हो."

मी गिऱ्हाईक झाले. घोगरं, संशयी. "काय हो बाई, घरच्यासारखी म्हणजे कोणाच्या घरच्यासारखी?"

"नमस्कार! घरच्यासारखी चव, अगदी दोन..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. आत्या बसल्या जागी झोपली होती. घोट्यांवरची पिशवी घसरून खाली पडली, तरी जागी झाली नाही. बाबांनी ती उचलून परत फ्रीझरमध्ये ठेवली. रबरबँड तपासून.

"मिळू दे बाबा ती खुर्ची," ते म्हणाले. मला नाही, फ्रीझरला.

शनिवारी क्लास सुटला की मी दुकानात जाते, कारण त्या दिवशी पिशव्या जास्त असतात. मी गेले तेव्हा इस्त्री बिस्किटांच्या मांडणीला टेकून उभा होता. टेकून म्हणजे न टेकता. शर्ट चुरगळला असता. आत्याचा 'बघा' तेव्हा छताच्या थोडा खाली होता, पण वाक्य शब्दशः चालू होतं. कृतीही. पाकिटावर लिहिलेलं सगळं पाणी तिने पातेल्यात ओतलं होतं, आणि ते पाणचट सूप ती हसून वाटत होती. माझ्याकडे तिने ओळख दाखवली नाही. एवढी ती कामात होती.

मग एक आजोबा आले. ट्रॉलीत फक्त एक पाव आणि साबण. त्यांनी कप घेतला, सूप प्यायले आणि तिथेच उभे राहिले.

"बाई, एक विचारू?"

"घरच्यासारखी चव, अगदी दोन मिनिटांत!" आत्या म्हणाली.

"हो, ते ऐकलं मी. पण घरी आता मी एकटाच आहे. गेल्या महिन्यापर्यंत ही करायची, मी नुसता ताटावर बसायचो. मला चहाशिवाय काही येत नाही हो. हे मला जमेल का?"

आत्याने तोंड उघडलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, एकदा घेऊन तर बघा, म्हण, आत्या, म्हण. इस्त्रीने घड्याळ सारखं केलं.

"जमेल," आत्या म्हणाली. आणि तो आवाज खालून आला. सावकाश, सपाट. घरचा. "पण ह्यावर लिहिलंय तसं नका करू. एवढं पाणी घातलंत तर दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. निम्मं घाला. वाटाणे आहेत ना, गोठवलेले, ते मूठभर टाका. आणि उकळी आली की अंडं फोडायचं त्यात."

"अंडं फुटेल की सगळं."

"आधी वाटीत फोडा, मग वाटी सुपाला टेकवून सोडा. ढवळू नका. झाकण ठेवा आणि तिथेच उभे राहा, पेपर वाचायला जाऊ नका."

आजोबा हसले. "हिला कळलं असेल वरून, की मी पेपर वाचायला जाणार."

मागे थांबलेल्या एक बाई म्हणाल्या, "आणि मुलं वाटाणे खात नसतील तर?" आत्या म्हणाली, "मका घाला. पोचा आलेला डबा घ्या, स्वस्त असतो, आत काही बिघडलेलं नसतं. जोड मात्र बघून घ्या." दुसऱ्या बाईंनी चीज विचारलं. आत्याने मागच्या कोपऱ्यातला डबा दाखवून टाकला, जो दुकानाला कोणाला दाखवायचा नव्हता. टेबलाभोवती ट्रॉल्यांची गर्दी झाली. कोणीतरी पाकिटाच्या मागे पेनाने 'निम्मं पाणी' लिहून घेत होतं.

आजोबा दोन पिशव्या हातात घेऊन परत आले. "वाटाणे दोन घेऊ का?"

"एकच पुरे. दुसरी पायांना लागते."

"कोणाच्या?"

"माझ्या," आत्या म्हणाली. "तुम्हाला कशाला? तुम्ही कुठे दिवसभर उभे असता?"

बायका मोठ्याने हसल्या. तेव्हा आत्याने मान वर केली आणि तिला इस्त्री दिसला. मग मी दिसले. तिने एप्रनला हात पुसले, उगाच, आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "नमस्कार. घरच्यासारखी चव." पुढचं म्हटलंच नाही.

घरी येताना पिशव्याच बोलत होत्या, चुरचुर. वळणावर ती म्हणाली, "गेली गं खुर्ची." मी म्हटलं, "असं कसं, सूप तर सगळं संपलं." ती म्हणाली, "म्हणूनच."

तिला बरोबर कळलं होतं. सोमवारी इस्त्रीने बोलावून घेतलं, आणि त्याचं बोलणं आत्याने मला जसंच्या तसं ऐकवलं. नक्कल आमच्या घराण्यातच असावी. "ताई, ठरलेलं वाक्य सोडलंत हे चूकच. अहवालात ते मी घातलेलं नाही. पण मांडणी रिकामी झाली. वाटाणे संपले, मका संपला. तुम्हाला तिथून हलवणं आम्हाला आता परवडणार नाही." परतीच्या टेबलावर बिस्किटांची मांडणी लावणारी एक मुलगी बसली. चांगली मुलगी आहे. खुर्चीत बसल्या बसल्या तिने एक गिरकी घेतली म्हणे.

"भांडायचं ना," बाबा म्हणाले.

"भांडायला उभं राहावं लागतं."

पिशवी पायावर होती, पण वाटाणे केव्हाच वितळले होते. बदलायला तिने मला हाक मारली नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले, तर टेबलामागे आत्या दिसेना. जवळ गेले तेव्हा दिसली: दुधाच्या पिशव्यांचा रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर बसली होती. हातात पळी, पुढे लोक. हनुवटी जेमतेम टेबलाच्या वर. आजोबाही होते, त्यांचं पहिलं अंडं फुटलं होतं आणि ते त्याची तक्रार घेऊन आले होते.

"ढवळलंत," आत्या म्हणाली.

"जरासंच."

"ढवळलंतच."

तेवढ्यात इस्त्री आला. "ताई, बसून विक्री होत नाही."

आत्या उठली नाही. तिने आधी एक कप भरून पुढच्या बाईंच्या हातात दिला. मग म्हणाली, "मग मला परतीच्या टेबलावर पाठवा. तिथे विकायचं नसतं."

इस्त्रीने रांगेकडे पाहिलं. रांग पार साबणांपर्यंत गेली होती. त्याने क्रेटकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, बहुतेक पहिल्यांदाच. घोटे चपलांच्या पट्ट्यांवरून बाहेर आलेले होते.

"निदान मागे तरी घ्या तो," तो म्हणाला. "वाटेत येतोय." आणि गेला.

त्या संध्याकाळी आत्या आली, चपला काढल्या आणि खुर्चीत बसायच्या ऐवजी भिंतीला हात लावून उभी राहिली.

"बस की," बाबा म्हणाले.

"नको रे. त्या क्रेटला पाठ नाही, काही नाही. कंबर धरलीय."

बाबांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद फार दिवसांत पाहिला नव्हता. "काय सांगतेस, ताई! बसून?"

"गप बस."

"दिवसभर बसून कंबर दुखते तुझी? अरेरे. बसून?"

"दोन मिनिटांत," आत्या दातओठ खात म्हणाली, "अगदी घरच्यासारखी थप्पड मिळेल."

बाबा उठले, फ्रीझर उघडला, लाल रबरवाली पिशवी काढली आणि तिच्या कंबरेला लावून धरली. स्वतःची दुखत असताना. मग म्हणाले, "अर्ध्या तासाने मला दे." ती म्हणाली, "दुसरी पिशवी आण की विकत." ते म्हणाले, "तूच सांगतेस ना लोकांना, एकच पुरे म्हणून."

सूप मी केलं. निम्मं पाणी, वाटीतून अंडं, झाकण. आणि तिथेच उभी राहिले.