न ठोकलेला दगड

कासम मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत मला ठोकून पाहिलं. अगदी खरोखर. पौडच्या पुढे मुळशीच्या रस्त्यावर मी एस.टी.तून उतरलो, तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात कॉलेजचं पत्र. ओढ्याच्या काठाला पांढऱ्या खुरट्या दाढीचा, साठीकडे झुकलेला एक माणूस उकिडवा बसून दगडांवर हातोडी मारत होता. एक टोला, मग कान वाकडा करून ऐकायचं, मग खणखणीत वाजलेला दगड उजवीकडच्या ढिगात, आतून फुटका असल्यासारखा बद्द वाजलेला डावीकडच्या. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. उठले, बोटांची पेरं माझ्या छातीवर दोनदा वाजवली, कान वाकडा केला आणि म्हणाले, "अजून काय कळत न्हाई. ठेव ती पेटी तितं."

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुटीत प्रत्येकाने दीड महिना कुठल्यातरी कामावर राहून शिकायचं आणि शेवटी कॉलेजचा छापील तक्ता भरून आणायचा, असा नियम होता. तक्त्यात इंजिनिअरला काय काय आलं पाहिजे याची यादी होती: साखळीने जमीन मोजणे, दुर्बिणीने पातळी काढणे, दगडकाम, चुनाकाम आणि आणखी बरंच. प्रत्येकापुढे 'येते' किंवा 'येत नाही'. एका जरी ठिकाणी 'येत नाही' पडलं तर ते वर्ष पुन्हा करायचं. माझे वडील शाळामास्तर. त्यांनी मला पहिल्या वर्षापासूनच गावभर इंजिनिअर करून टाकलं होतं, त्यामुळे वर्ष पुन्हा करायची सोय मला नव्हती.

माझ्या वाट्याला आली ती ओढ्यावरची दगडी कमानीची मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल. मृग लागायच्या आत ती पुरी व्हायची होती. कामाचे कागदोपत्री साहेब म्हणजे ओव्हरसियर. ते मंगळवारी आणि शनिवारी पुण्याहून यायचे, छत्री उघडून कामावरून एक फेरी मारायचे आणि परतीच्या एस.टी.ची चौकशी करायचे. बाकीचे दिवस राज्य कासम मिस्त्रींचं. मिस्त्री पौडचे. त्यांच्या आज्यापासून घरात दगडकाम. सही करता येत नव्हती, पण कमानीचा दगड नुसत्या नजरेने असा घडवायचे की सांध्यात सुरीचं पातं जात नसे.

आल्या आल्या मी माझं ज्ञान दाखवायला सुरुवात केली. मिस्त्री वाळूची मूठ आवळायचे, सोडायचे, हात झटकायचे आणि तळव्याला माती राहिली तर वाळूची गाडी परत पाठवायचे. मी म्हणालो, "मिस्त्री, शास्त्रीय पद्धत अशी की वाळू काचेच्या बाटलीत पाण्याबरोबर हलवायची आणि गाळ किती बसतो ते मोजायचं."

"बरं. बाटली कुटं हाय?"

"कॉलेजात."

"मंग जा, घिऊन ये. तवर आमी हात वापरतो."

चुन्याच्या पाट्या वाहणाऱ्या सोनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या दीड महिन्यात त्यांचा पदर बराच वेळ तोंडाला होता.

चुन्याची घाणी कामाशेजारीच होती. बैल गोल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना आणि वाळू मळली जायची. मिस्त्री तिथे मला उभं करून चुना शिकवायचे. शिकवायचे म्हणजे चिमूटभर बोटात घेऊन माझ्या बोटात द्यायचे आणि निघून जायचे. मी ते चोळत बसायचो. एकदा मात्र थांबले आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं. "चुना लई गरीब. वला हाय तवर समदं आयकून घेतो. दगड वाकडा बसला, उचल. सूत हाललं, फिरून बांद. पर एकडाव धरला की कुनाच्या बापाचं आयकत न्हाई. म्हनून चुकलं तर चुना धरायच्या आत बोलायचं." मी ते वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

एका शनिवारी ओव्हरसियरसाहेबांनी कॉलेजचा तक्ता मराठीत करून मिस्त्रींना वाचून दाखवला, कारण मी काय करतो हे साहेबांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. मिस्त्रींनी डोळे मिटून यादी ऐकली.

"झालं?"

"झालं."

"ह्यात एक ऱ्हायलंय," मिस्त्री म्हणाले आणि दगड ठोकायला गेले. काय राहिलंय ते साहेबांनी विचारलं नाही. त्यांची एस.टी. यायची होती.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. कमान ज्या दोन पायांवरून सुटते, त्यांची डोकी एका पातळीत हवीत. अलीकडच्या पायाची खूण मी साहेबांसमोर केली होती. पलीकडची एकट्याने केली, भर दुपारी, डोक्याला रुमाल बांधून. त्या काळच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. पलीकडे धरलेल्या पट्टीवरचे आकडे वरून खाली वाढत जायचे. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी त्या दुपारी मी पाचाच्या वर दिसणारे तीन भाग सरळ पाचात मिळवले. पाच पूर्णांक तीन दशांश फूट. खरं वाचन चार पूर्णांक सात दशांश होतं. खूण सात इंच वर पडली, आणि मिस्त्रींच्या माणसांनी त्या खुणेपर्यंत पाय रचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज दुर्बिणीला डोळा लावला, ते उलटे आकडे पाहिले आणि कालची चूक कळली. समोर पायाचा वरचा थर निम्मा झाला होता. आत्ता बोलावं तर शनिवारी साहेब येणार, तक्त्यात पातळीपुढे 'येत नाही' पडणार, वर्ष जाणार. न बोलावं तर एक पाय सात इंच वर असलेली कमान उभी राहणार, म्हणजे खरं तर राहणार नाही. तो दिवस मी गप्प राहिलो. दुसराही. भाकरी अर्धी टाकून उठायचो. सोनाबाईंनी विचारलं, "इंजनेर, पोट बिगाडलं काय?" मी हो म्हणालो, तर त्यांनी ओवा आणून दिला. तो मी खाल्ला. मिस्त्री माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आपला दगड, आपला कान.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली आणि मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "मिस्त्री, पलीकडची खूण चुकलीय. सात इंच वर. माझं चुकलं."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. पलीकडे बघून ओरडले, "ए सोनाबाई! बोलला!"

सगळा ताफा हसायला लागला. मला काही कळेना. मिस्त्री मला ओढा ओलांडून त्या पायापाशी घेऊन गेले आणि वरच्या थरातला दगड एका हाताने उचलून बाजूला ठेवला. खाली चुना नव्हता. पुढचा उचलला. त्याखालीही नव्हता. माझी खूण पडली त्याच संध्याकाळी त्यांनी सूत लावून पाहिलं होतं. तेव्हापासून तो थर ते नुसता कोरडा रचत होते, आणि बारा माणसं तोंड मिटून वाट बघत होती.

"दोन दिस लावलेस," मिस्त्री म्हणाले. "चुना असता तर धरला असता."

मला इतकी लाज वाटली आणि इतकं हलकं वाटलं की मी तिथेच ढिगावर बसून रडलो. मिस्त्री त्या दिवशी भलतेच खुशीत होते. कोरडा थर काढून, खूण दुरुस्त करून, पायाच्या डोक्यावरचा कमानीचा पहिला दगड त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. काम करताना मी त्यांना गुणगुणताना ऐकलं ते तेवढं एकदाच.

शनिवारी साहेब आले. "पातळी?" त्यांनी विचारलं. "येती," मिस्त्री म्हणाले. तक्ता भरला गेला. एवढं झाल्यावर खरं तर मी त्यांचा जन्माचा चेला व्हायला हवा होतो. पण नंतर जे झालं ते मला लागलं.

कमान पुरी होऊन चुना मुरला की तिच्याखालचा लाकडी साचा काढतात. कमान पेलली तर पेलली. त्या वेळी मिस्त्री आणि इंजिनिअर दोघांनी खाली बसायचं, असा मिस्त्रींच्या घराण्याचा रिवाज होता. साचा काढायचा दिवस आला तेव्हा मी सकाळपासून धुतलेला शर्ट घालून तयार. मिस्त्री म्हणाले, "तू पलीकडं जा. पट्टी धरून उबा ऱ्हा."

"पट्टी कशाला? दुर्बीण तर पेटीत आहे."

"धर म्हनलं ना."

मी शंभर फुटांवर, कोणीही बघत नसलेली पट्टी धरून उभा राहिलो. मिस्त्री एकटे कमानीखाली बसले. साचा निघाला, कमान हलली नाही, सोनाबाईंनी गूळ वाटला. मला वाटलं, या माणसाने मला अजून इंजिनिअर मानलेलं नाही. मी गूळ घेतला, पण निरोप धड घेतला नाही.

दहाएक वर्षं गेली. मी सरकारी नोकरीत डेप्युटी इंजिनिअर झालो, जीप मिळाली. एके दिवशी निरोप आला की मिस्त्री अंथरुणाला खिळलेत आणि त्या मोरीवरच्या इंजनेरला बोलावताहेत. मी पौडला गेलो. मिस्त्री भिंतीला टेकून बसले होते, हात नुसती काटकी. सुनेने चहा ठेवला.

"सायेब झाला म्हनं," ते म्हणाले. मग नेहमीसारखं एकदम मुद्द्यावर आले. "त्या मोरीत माजं एक चुकलंय. तू बोललास त्या दिशी मी लई खुशीत व्हतो. त्या खुशीत पायाच्या डोक्यावरला दगड न ठोकता बसवला. रातच्याला जेवताना ध्यानात आलं. सकाळी जाऊन बगतो तर चुना धरला व्हता. कुनाला बोललो न्हाई."

मला तो साचा काढायचा दिवस आठवला. मग हळूहळू सगळं उलगडलं. "म्हणून मला पट्टी धरायला पाठवलंत?"

"मंग? न ठोकल्या दगडाखाली दुसऱ्याचं पोर बसवू?"

दहा वर्षं मी या माणसावर रुसून होतो. गाढवपणाला काही मर्यादा!

"जा," मिस्त्री म्हणाले. कोनाड्यातली हातोडी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "ठोकून बग. बद्द वाजतोय का खनखनीत, मला येऊन सांग."

मी जीप काढली. मोरी तशीच होती, वरून एस.टी. जात होती. ओढ्यात उतरून तो दगड शोधला आणि ठोकला. शेजारचा ठोकला. पुन्हा तो. सगळे सारखेच वाजले. धरलेल्या चुन्यात एकेकट्या दगडाचा आवाज राहत नाही. मी तासभर तिथे डोकेफोड केली. परत येताना मनाशी ठरवलं होतं, खणखणीत म्हणून सांगायचं. म्हातारा सुखाने जाईल. यात कुणाचं काय बिघडतंय?

दारात पाऊल टाकलं तर ते वाटच बघत होते. "काय वाजला?"

मी तोंड उघडलं आणि शब्द बदलले. "कळलं नाही, मिस्त्री. सगळे एकसारखे वाजतात. चांगला आहे का बद्द आहे, मला सांगता येत नाही."



"आता कुनालाच सांगता येनार न्हाई," ते म्हणाले. "मला ठावं हाय ते. दहा वरसं मी दर बाजाराच्या दिशी जाऊन ठोकत व्हतो."

"मग मला कशाला पाठवलंत?"

त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो. काटकीसारख्या हाताची पेरं त्यांनी माझ्या छातीवर दोनदा वाजवली, कान वाकडा केला आणि ऐकलं. मग मान डोलावली आणि सुनेला म्हणाले, "च्या निवला आसंल त्याचा. दुसरा टाक."

आठ दिवसांनी मिस्त्री गेले. मी अजून त्या रस्त्याने जातो तेव्हा जीप थांबवून खाली उतरतो आणि पंधराएक मिनिटं त्या कमानीखाली बसतो. ड्रायव्हरला वाटतं, साहेब तपासणी करताहेत.